चार कसोट्या आणि न झालेल्या नोंदी

१/ बॅरी रिचर्ड्स, दक्षिण आफ्रिकेचे सलामीवीर. कसोटी कारकीर्द जानेवारी १९७० मध्ये सुरू झाली आणि मार्चमध्ये संपली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४ सामने, ५०८ धावा, २ शतके, सरासरी ७२.५७.

२/ पुढे वर्णभेदी राजवटीमुळे देशावर बहिष्कार आला. नेटाल, हॅम्पशायर आदी संघांकडून त्यांनी प्रथम श्रेणीत २८,३५८ धावा व ८० शतके केली. कसोटी मात्र पुन्हा नाही.

३/ ही क्रिकेटची शोकांतिका मानली जाते. तो शोक खरा, पण अपुरा आहे. १८९४ मध्ये वेगवान गोलंदाज क्रोम हेन्ड्रिक्स यांना केवळ वर्णामुळे इंग्लंड दौऱ्यातून वगळले गेले. बेसिल डॉलिव्हिएरा यांना कसोटी खेळण्यासाठी इंग्लंड गाठावे लागले.

४/ एप्रिल १९७१ मध्ये केपटाउनच्या न्यूलँड्सवर रिचर्ड्स व सहकारी खेळाडू संघनिवडीतील वर्णभेदाच्या निषेधार्थ मैदान सोडून बाहेर पडले. अन्याय कोणावर होत होता, हे त्यांना ठाऊक होते.

५/ म्हणून बहिष्काराला दोष देणे अन्यायकारक ठरते. रिचर्ड्स यांच्या हुकलेल्या धावांचा अंदाज तरी बांधता येतो. ज्यांना मैदानाचे दारच उघडले नाही, त्यांची सरासरी कोण काढणार?