कड्याचं कौतुक पुरे



बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. विषय तान्ह्या बाळाचा आहे, पण नातवाच्या बाळलीला वाचायला मिळतील म्हणून कुणी आलं असेल तर आधीच सांगते, आज बाई रागावलेल्या आहेत.

"एवढ्याशा बाळाला घेऊन प्रवासाला निघायचंच कशाला? वर्षभर घरी बसायला काय होतं हिला?" गेल्या काही महिन्यांत हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आता पाठ झालं आहे. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, भाजीवाली म्हणाली, आणि आपल्याच घरातलं एक वडीलधारं माणूसही म्हणालं. (नाव लिहीत नाही. ते हे वाचतात.)

आता मला सांगा, वर्षभर घरात बसून राहिलेलं बाळ आपल्याकडे कुणी पाहिलंय? पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आपलीच ना? मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुपटी, झबली, वेखंड, गुटीची पुरचुंडी असं सगळं बांधून लेकीला सासरी कोण पाठवतं? ती काय उडत जाते? पुढे जावळ काढायला कुलदैवताला जायचं, ते कित्येक घरांत पहिल्या वर्षातच. आत्याच्या लग्नाला बाळाला आणलं नाही तर रुसणार कोण? तर हेच 'कशाला निघायचं' म्हणणारे! शिवाय लशी आहेत. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नववा महिना. ज्या वाडीवर दवाखाना नाही तिथली आई त्या तारखांना बाळ घेऊन रस्त्यावर येणारच.

आणि दिवाळीच्या आगेमागे बीडकडून साखर कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तुम्ही पाहिल्या असतीलच. भांडीकुंडी, धान्याची पोती, गोधड्या, आणि त्या ढिगाऱ्यावर मांडीवर तान्हं घेऊन बसलेली बाई. कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या त्या बाईला विचारून बघा, घरी बसायला काय होतं म्हणून.

तेव्हा पहिल्या वर्षात बाळ प्रवास करतं, पूर्वीही करत होतं. वाटेत त्याला भूक लागली की आईने कुठे बसायचं, एवढंच आपण अजून ठरवलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात धाकटी लेक, जावई, पाच महिन्यांचा नातू आणि मी असे निघालो होतो. वाटेत गाडी बदलायची होती, मध्ये सव्वा तास. स्थानकाचं नाव लिहीत नाही, कारण ही त्या एकाच गावची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. उतरल्या उतरल्या बाळाने टाहो फोडला. समोरच पाटी, 'हिरकणी कक्ष', शेजारी आई-बाळाचं छान चित्र. आणि दाराला कुलूप. चौकशीच्या खिडकीत गेले. किल्ली साहेबांकडे. साहेब जेवायला गेलेले. वीस मिनिटांनी किल्ली आली, दार उघडलं, तर आत मोडक्या खुर्च्यांची चळत, रंगाचे रिकामे डबे आणि एक गुंडाळलेला फ्लेक्स. पंखा नाही. आतून लावायला कडी नाही. किल्ली आणणारा मुलगा बिचारा ओशाळून म्हणाला, "आजी, इथे कुणी येतच नाही हो, म्हणून सामान ठेवलंय." कुलूप लावलेल्या खोलीत येणार कोण, बाबा?

तोपर्यंत लेक पाण्याच्या टाकीमागे भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मी माझी शाल आडवी धरून उभी. दोन पोरं मोबाईल हातात घेऊन तिथेच रेंगाळत होती. मी त्यांच्याकडे वर्गात पाहायचे तसं पाहिलं. निघून गेली. चौतीस वर्षांची नोकरी अगदीच वाया गेली नाही म्हणायची.

पण त्या पाटीवरच्या नावाने मला घरी आल्यावरही झोप लागू दिली नाही. हिरकणीची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेन त्याला गणती नाही. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, सूर्य मावळला आणि दरवाजे बंद झाले. खाली वाडीत तान्हं बाळ. पहारेकरी दार उघडेनात, म्हणून ती पश्चिमेच्या कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, तिथे बुरूज बांधला. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. गोष्ट सांगताना आपण कड्याशी थांबतो आणि डोळे पुसतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, त्या पहारेकऱ्याच्या घरी लहान बाळ नव्हतं का?" सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

गडाचा दरवाजा बंद ठेवायला तरी कारण होतं. चारी बाजूंनी शत्रू होता, राजधानीचा गड होता, नियम मोडून चालणार नव्हतं. आपल्या हिरकणी कक्षाला कुलूप कुठल्या शत्रूच्या भीतीने लागतं? मोडक्या खुर्च्या चोरीला जातील म्हणून? आईने कडा उतरावा ही आपली अपेक्षाच होऊन बसली आहे. उतरली तर थोर माउली, नाही उतरली तर 'हिला जमत नाही'. दार उघडायला हवं होतं हे कुणाच्या मनातही येत नाही.

विधानभवनातसुद्धा हेच. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. फोटो छापून आले, कौतुक झालं. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात तिथल्या हिरकणी कक्षातली धूळ आणि गैरसोय पाहून त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदार होत्या म्हणून ओरड ऐकू गेली, नंतर धावपळ झाली. पाण्याच्या टाकीमागे बसलेल्या बाईचं कोण ऐकतं?

आता आमच्या वयाच्या बायकांचं म्हणणं. "आमच्या वेळी कुठे होते कक्ष? आम्ही नाही वाढवली पोरं?" वाढवली की. पण कशी ते आठवा. अंगावर साडी, तिचा ऐसपैस पदर. तो पदर हाच आपला कक्ष होता, आणि शेजारचा बाप्या आपणहून खिडकीबाहेर बघायचा. आता पदर नाही, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्या डोळ्यांची जागा मोबाईलने घेतली आहे. मुलींनी परत लुगडी नेसावीत असं कुणी म्हणणार असेल तर त्यांनी आधी स्वतः धोतर नेसून लोकल पकडून दाखवावी! आणि खरं सांगा, आपल्यालाही कुठे सोपं होतं? मला बाळंतपणाची रजा मिळाली तीन महिन्यांची. चौथ्या महिन्यात बाळ सासूबाईंकडे, मी फळ्यासमोर, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ब्लाउज भिजू नये म्हणून आत घडी केलेला रुमाल. पेपर तपासायच्या खोलीत दार लोटून दूध पिळून टाकून द्यायचे. हे आपण कधी कुणाला सांगितलं नाही, सांगायची सोयच नव्हती. २०१७ साली कायद्याने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली तेव्हा मला फार बरं वाटलं. अर्थात ती नोकरीवाल्यांना. कोयता घेऊन निघालेल्या बाईला रजा देणार कोण?

"मग बाटली द्यावी प्रवासात," हा दुसरा शहाणपणा. अहो, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटनेपासून गावच्या आशाताईपर्यंत सगळे सांगतात. आपल्या देशाने तर १९९२ साली कायदा करून बाळाच्या डब्याच्या दुधाच्या आणि बाटलीच्या जाहिरातींना बंदी घातली. चांगलंच केलं. पण एका हाताने बाटली बाजूला करायची आणि दुसऱ्या हाताने खोलीला कुलूप घालायचं, मग त्या लेकराने प्यायचं काय? आपली भाषणं?

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. उत्तम झालं. बायका जास्त फिरतील तशी तान्ही बाळंही जास्त फिरतील, हे गणित चौथीतलं पोर मांडेल. रेल्वेनेही मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला बाळासाठी एक घडीचा छोटा बर्थ जोडून पाहिला होता. म्हणजे मनात आलं तर सुचतं! सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की सार्वजनिक इमारतींत अशी जागा हवी आणि उघड्यावर बाळाला पाजण्याकडे कलंक म्हणून पाहू नये. एवढ्या वरून सांगून झालं, आता कुलूप तेवढं राहिलंय. खोलीला आतून कडी हवी, बाहेरून नको. एक पाठीची खुर्ची, पंखा, नळाला पाणी. यात कसली योजना आणि कसलं उद्घाटन?

जाता जाता जावयांबद्दल. त्या दिवशी बाळाचे कपडे त्यांनी बदलले, बाकावर वर्तमानपत्र पसरून. जाणारे येणारे थांबून बघत होते. एक बाई तर "अगं बाई, बाप बदलतोय!" म्हणाल्या. कक्षात पुरुषांना प्रवेश नाही, ते ठीकच आहे, पण मग बापाने हे काम करायचं कुठे? ज्यांनी स्थानकं बांधली त्यांना बाप हे काम करील असं स्वप्नातही वाटलं नसावं.

असो. सरकारला काय सांगायचं ते मी पोस्टकार्डावर वेगळं सांगितलं आहे. घरच्यांना मात्र इथेच सांगते, कारण मार्गशीर्षात आपल्याकडे लग्न आहे. कार्यालयात वरपक्षाला एक खोली, वधूपक्षाला एक, आहेराच्या वस्तूंना एक, आणि भटजींच्या सामानाला एक अशी वाटणी झाल्याचं माझ्या कानावर आलंय. आपल्या दोन्ही घरांत मिळून त्या वेळी वर्षाच्या आतली तीन बाळं असतील. आहेराच्या खोलीत आधी ती तीन बाळं आणि त्यांच्या आया बसतील, वस्तू कोपऱ्यात राहतील. कार्यालय बघायला जाल तेव्हा मलाही बरोबर घेऊन चला. मला आतली कडी तपासायची आहे.