घटिकापात्राचा धडा

पूर्वी लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडीत, हे पेडणे-डिचोलीकडील आम्हां मुलांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडावयाची. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि २४ मिनिटांनी वाटी भरून बुडे. ती एक घटका. अशा ६० घटका मिळून एक अहोरात्र. या साधनाची खरी खुबी आम्हांला अशी वाटते, की वाटी भरत असता भटजींना तिच्यापुढे ठाण मांडून बसावे लागत नसे. ते आपली पूजेची मांडामांड करीत. वेळ मोजण्याचे काम वाटी करी.

आज गोव्यातील शाळांतून प्रोग्रॅम लिहिणे व रोबोटिक्स हे विषय शिकविले जातात, आणि 'अर्डुइनो उनो' हा लहानसा बोर्ड पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हाती येतो. त्यावरील 'एटीमेगा ३२८पी' या मायक्रोकंट्रोलरच्या पोटात अशाच तीन वाट्या आहेत. त्यांना टायमर म्हणतात. टायमर म्हणजे ठोके मोजणारा कप्पा. त्यांपैकी दोन कप्पे ८ बिटांचे आहेत. ते ० पासून २५५ पर्यंत मोजतात आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा शून्यावर येतात. तिसरा १६ बिटांचा असून त्याची धाव ६५,५३५ पर्यंत आहे. भरून शून्यावर येणे, हेच वाटीचे बुडणे होय.

मात्र येथील ठोका फार चपळ. तो सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा पडतो. या वेगाने लहान कप्पा एका सेकंदात ६२,५०० वेळा भरेल! म्हणून दर १,०२४ ठोक्यांमागे एकच ठोका कप्प्याकडे सोडण्याची सोय केलेली असते. तिला प्रिस्केलर म्हणतात. वाटीचे छिद्र लहान करण्यासारखाच हा प्रकार. मग सेकंदाला १५,६२५ ठोके उरतात. कप्प्याला १२५ ठोक्यांची फेरी घालावयास सांगितले, तर अशा १२५ फेऱ्यांचा बरोबर एक सेकंद होतो. येथे एक मेख आहे. कप्पा शून्यही मोजतो, म्हणून मर्यादा १२५ न लिहिता १२४ लिहावी लागते. प्रत्येक फेरी पुरी झाली की कप्पा मुख्य प्रोग्रॅमला इशारा देतो, त्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोग्रॅम हातचे काम क्षणभर थांबवितो, एक फेरी मांडून घेतो, आणि पुन्हा आपल्या कामास लागतो. आतल्या ठोक्यांऐवजी बाहेरच्या तारेवरून येणारे ठोके मोजावयास लावले, की तोच कप्पा काउंटर होतो.

ही माहिती आम्हांस प्रथम नव्हती, आणि त्याचे फळ आम्ही भोगले. गेल्या पावसाळ्यात आम्ही काही मित्रांनी एक पर्जन्यमापक केला. त्यात पाण्याच्या ठराविक मापाला एक डोणी कलंडते व विजेचा एक ठोका देते. प्रोग्रॅम आम्ही कोठूनसा जसाच्या तसा उतरून घेतला. आकडा पडद्यावर दाखविल्यावर तो 'डिले' या आज्ञेने एक सेकंद स्वस्थ थांबे. रिमझिम पावसात सारे ठीक चालले. परंतु मुसळधार सुरू झाली आणि आमचा आकडा शेजारच्या साध्या काचेच्या मापाहून फारच मागे पडला. यंत्र थांबलेले असताना डोणी कलंडून जाई, आणि त्याची दाद यंत्राला नसे. म्हणजे पाऊस जितका अधिक, तितकी आमची मोजणी खोटी! पुढे मोजणीचे काम आम्ही काउंटरकडे सोपविले, तेव्हा मेळ बसू लागला. तरीही डोणीचा स्विच कापून एकाच कलंडण्याचे दोन-तीन ठोके देई. तो दोष काढण्यास आणखी आठ दिवस गेले.

कोणी म्हणेल, "तयार प्रोग्रॅम मिळत असता विद्यार्थ्यांनी एवढ्या खोल पाण्यात का शिरावे?" आमचे उत्तर असे, की उसन्या प्रोग्रॅमने दिवा लुकलुकतो, पण दिवा का लुकलुकला ते कळत नाही. आरंभी 'डिले' शिकविणे सोपे आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शिक्षण तेथेच थांबू नये. २०२१ च्या जुलैत डिचोली, पेडणे व सत्तरी तालुक्यांत महापूर आला, तेव्हा घरांत शिरलेले पाणी आमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. अशा प्रदेशात पाऊस मोजणारे यंत्र नेमके मुसळधारेतच चुकले, तर ते नसलेले बरे. कारण ते खोटा धीर देते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तिच्या अलंकारातील एक मोती घटिकापात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील बोध खरा आहे. मोजण्याचे काम वाटीवर सोपवावे, पण छिद्र उघडे आहे की नाही हे पाहण्याचे काम तिच्यावर सोपविता येत नाही. ते ज्याचे त्यानेच केले पाहिजे. म्हणून शाळेत बोर्ड हाती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक टायमर स्वतः हिशेब करून चालवावा, आणि त्याचा सेकंद घड्याळाशी ताडून पाहावा, असे आमचे नम्र परंतु स्पष्ट मत आहे.