पाठ असलेली पदे आणि रिकाम्या खुर्च्या

नाट्यसंगीताचे रसिक म्हणवून घेणाऱ्या आपल्यातील बहुसंख्य मंडळींना नाटक आवडत नाही. त्यांना आठवण आवडते. विधान कठोर आहे याची जाणीव ठेवूनच ते करीत आहे. ‘सौभद्र’ किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ नांदेडला लागले की मुखेड, देगलूर, कंधार या भागातून जीप ठरवून जाणारी घरे आहेत. डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात ती पुढच्या रांगा धरतात, पद सुरू होण्याआधीच मान डोलवू लागतात आणि गायकाने ध्वनिमुद्रिकेहून एखादी हरकत निराळी घेतली की एकमेकांकडे पाहून नाराजी दर्शवितात. त्याच शहरात कुसुम सभागृहात राज्य हौशी नाट्य स्पर्धेत एखाद्या अनोळखी लेखकाचे नवे नाटक लागलेले असते. तिकीट नाममात्र असते. तिकडे ही मंडळी फिरकत नाहीत. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : “कसले आहे कोण जाणे!”

कसले आहे ते ठाऊक नाही, म्हणूनच तर पाहावयाचे असते.

खर्चाची सबब मी उडवून लावणार नाही. जीपचे भाडे, तिकिटे, मुलांचे खाणे, मध्यरात्री परतीचा रस्ता. एवढे सोसल्यावर प्रयोग फसला तर घरच्या माणसाला हळहळ वाटणारच. परंतु हीच माणसे एकाच नाटकासाठी तिसऱ्या-चौथ्यांदा तेवढाच खर्च आनंदाने करतात. तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही. आपणांस ठाऊक असलेलेच आपल्यापुढे पुन्हा यावे, या सुखाची ती किंमत असते. त्या सुखाला माझी हरकत नाही. त्याला रसिकता म्हणण्याला आहे.

वास्तविक ज्या परंपरेचा हे रसिक अभिमान बाळगतात ती परंपरा अनोळखी खेळ पाहण्यातूनच जन्मली. उत्तर कानडाकडील भागवत मंडळी सांगलीत आली नसती, तिचे खेळ पाहून तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धनांना आपल्या भाषेत असे काही असावे असे वाटले नसते, तर विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली उभे राहिले नसते. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर स्वतः कर्नाटकातील गुर्लहोसूरचे. पारशी मंडळ्यांच्या गाण्याबजावण्याच्या खेळांची तेव्हा चलती होती. ती पाहून, तसे आपल्याकडे का नसावे, या ईर्ष्येने त्यांनी ‘शाकुंतल’ लिहावयास घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक झाले. त्या रात्री आनंदोद्भव नाट्यगृहात बसलेल्या एकाही श्रोत्याला त्यातील एकही पद पाठ नव्हते. त्यांनीही “कसले आहे कोण जाणे” म्हणून घरची वाट धरली असती, तर आज आपणांस वन्समोअर देण्यासाठी काय उरले असते? किर्लोस्करांच्या चाली तरी कोठून आल्या? साकी, दिंडी, कानडी गाणी, कीर्तन आणि लावणी यांतून. तेव्हा लावणीचे नाव काढताच नाक मुरडणारा नाट्यसंगीताचा भक्त कित्येकदा लावणीच गुणगुणत असतो.

पुढेही तेच. ‘मानापमाना’त १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरीच्या अंगाचे वळण आणले. इंग्रजीतल्या १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’वरून बर्टोल्ट ब्रेख्टने १९२८ साली जर्मन नाटक रचले आणि पु. ल. देशपांड्यांनी १९७८ साली त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसल्याविना यांतले काहीच घडले नसते.

आणि फार लांब कशाला? जालना जिल्ह्यातील जांबसमर्थ हे आपल्याच मराठवाड्यातले गाव. तेथील राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, संभाजी भगत यांच्या संकल्पनेवरचे आणि नंदू माधव यांनी बसविलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले. शाहिरी गाण्यांनी भरलेला तो खेळ. यम महाराजांना न्यावयास येतो, त्यांचे विचार मात्र पृथ्वीवरच राहून जातात. मग ते कोणाच्या डोक्यात बसतात याचा शोध सुरू होतो. त्यातले कलावंत बरेचसे खेड्यातले, शेतीभातीतले. हे आपल्या बोलीतले संगीत नाटक मुंबई-पुण्याने डोक्यावर घेतले. आपल्याकडचे किती नाट्यसंगीतप्रेमी ते पाहावयास गेले? ‘हे संगीत नाटक नव्हे’ असा निवाडा मी ऐकला आहे, आणि तो देणाऱ्याने नाटक पाहिलेले नव्हते. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’चेही आरंभी असेच. दोनच स्त्रीपात्रे, तुकोबांची आवली आणि तिची शुश्रूषा करावयास लखूबाईच्या वेषात आलेली रखुमाई. व्यावसायिक रंगभूमीवर ते २०१७ च्या अखेरीस आले आणि २०२३ साली त्याने निरोप घेतला. त्या सहा वर्षांत जे गेले नाहीत त्यांना आता केवळ इतरांच्या तोंडून ऐकावे लागेल. नवे नाटक आपली वाट पाहत थांबत नाही. ही सोय फक्त जुन्याला आहे.

आता आपल्या कॅथलिक घरांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत महाराष्ट्रातून गोव्याला माणसांची रीघ लागली होती. दर्शन झाले, मेणबत्त्या झाल्या, समुद्रही पाहून झाला. परंतु संध्याकाळी मडगावच्या रवींद्र भवनात जाऊन तियात्र पाहिले असे सांगणारी घरे किती भेटतील? तियात्र ही संगीत रंगभूमीच आहे आणि ती आपल्याच धर्मबांधवांनी वाढविली. तिचा जन्म गोव्यातही नव्हे, मुंबईत झाला. इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर काम केलेल्या लुकाझिन्यु रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, ‘इटालियन भुरगो’ हा खेळ केला. पुढे जुआंव आगोस्तिन्यु फेर्नांदिश यांनी या कलेला आकार दिला. त्यांच्या पत्नी रेजिना १९०४ साली रंगमंचावर उभ्या राहिल्या. तेव्हा मराठीतील नामांकित मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत होते. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत यावयाचे होते, ते आले १९०५ साली. तियात्राची रीतही आपल्या नाटकाहून वेगळी. मध्येच पडद्यापुढे गायक येतो आणि कथानकाशी काडीचाही संबंध नसलेले ‘कांतार’ म्हणून जातो. त्यात कधी पुढाऱ्यांची हजेरी, कधी घरातल्या भांडणावर उपदेश. आपल्या ‘सौभद्रा’वर वाढलेल्या कानाला हे प्रथम विचित्र वाटते. वाटू द्यावे.

भाषा कळत नाही, ही तर मुखेडच्या माणसाने सांगावयाची सबबच नव्हे. बाजाराच्या दिवशी मराठीत भाव विचारणारा, उर्दूत घासाघीस करणारा आणि तेलुगू किंवा कानडी व्यापाऱ्याशी मोडकेतोडके का होईना बोलून सौदा पुरा करणारा हा मुलूख. मराठीच्या सख्ख्या बहिणीचे बोलणे तेवढे आपल्याला कळू नये?

यापेक्षा अवघड प्रश्न तमाशाचा आहे. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्यात तेथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट विकावयास येतात आणि तमाशाचे फड तंबू ठोकतात. नाताळच्या आगेमागेच ही यात्रा येते. मुले सुट्टीवर घरी असतात. आपल्या भागात होणारा संगीत रंगभूमीचा सर्वांत मोठा मेळा हाच, आणि आपली सुशिक्षित घरे तेथे जात नाहीत. जाणे कमीपणाचे वाटते. या कमीपणाची मुळे खणून पाहावीत. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला त्याच वस्त्यांनी तमाशाला हलगी दिली, ढोलकी दिली, गळा दिला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर त्याच समाजातल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. अण्णाभाऊ साठे त्याच समाजातले. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे करून त्यांनी तमाशाच्या वगातून गिरणगावाचे दुःख बोलविले. शिक्षण आले, पांढरपेशी नोकरी आली आणि आपण आजोबांची हलगी माळ्यावर टाकली. ज्यांच्या घरात ती कधी नव्हती त्यांच्या पंक्तीत बसावयाचे, म्हणून ‘मानापमाना’तील पदे मात्र पाठ केली. पदे पाठ करण्यात गैर नाही. हलगीची लाज धरण्यात आहे.

“पण आजच्या तमाशात पाहण्यासारखे काय उरले आहे? सिनेमाची गाणी आणि नाच!” असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पुष्कळ फडांत गण-गौळण कशीबशी उरकतात, मावशी आणि पेंद्याची सवाल-जबाबांची गंमत आटोपती घेतात, रंगबाजीच्या नावाखाली चित्रपटातील गाणी तासन्‌तास चालतात आणि वग पहाटेवर ढकलला जातो. परंतु हे का घडले? तंबूत शिट्ट्या वाजविणारे तेवढे राहिले आणि वग ऐकणारे घरी बसले म्हणून. फडमालक कर्ज काढून तंबू, ट्रक, जनरेटर उभे करतो. दसऱ्याला निघून उन्हाळ्याच्या यात्रा संपेपर्यंत त्याला शे-सव्वाशे माणसांचे पोट चालवावयाचे असते. २०२० आणि २०२१ साली महामारीने यात्राच बंद पडल्या, तेव्हा कित्येक फड कर्जात रुतले. जो तिकीट काढतो त्याच्या आवडीचे तो देणार. कुटुंबे येत नाहीत कारण खेळ हलका झाला, आणि खेळ हलका झाला कारण कुटुंबे येत नाहीत. या चक्रातून बाहेर पडावयाचे तर पहिले पाऊल कोणी टाकावे? ज्याच्या गळ्याशी सावकार बसला आहे त्याने, की ज्याला वर्षातून दोनदा नांदेडला जाणे परवडते त्याने?

बायकामुलांना तंबूत कसे न्यावे, ही धास्ती मला समजते. त्यासाठी उपाय कठीण नाही. यात्रेत शासकीय व्यासपीठावर लोककलांचे कार्यक्रम होतात, तेथे आरंभ करावा. तंबूत जावयाचे तर चार-पाच घरांनी मिळून जावे आणि तिकीट काढतानाच फडमालकाला विचारावे, “वग कोणता, आणि केव्हा उभा राहणार?” असे विचारणारे गिऱ्हाईक त्याला फार दिवसांत भेटलेले नसते. वीस जण मिळून विचारत असतील तर वग तासभर आधी उभा राहण्याचाही संभव आहे. नाताळच्या नाटुकल्यासाठी आपल्या तरुण मंडळाला ढोलकीवाला लागतो तेव्हा आपण शोधाशोध करतो. तो तेथे तंबूच्या मागे, ट्रकच्या सावलीत शाई ठीकठाक करीत बसलेला असतो. त्याच्याशी चार शब्द बोलावेत. थंडी कडाक्याची असते, तेव्हा घोंगडी बरोबर घ्यावी. वग मध्यरात्रीनंतरच रंगतो, आणि परतीची जीप आधीच उजाडेपर्यंत ठरवून ठेवावी.