विमान उभं राहतं, मग शाळेचं अंगण का खचतं?



तुमच्याही शाळेच्या अंगणात पेव्हर ब्लॉक असतीलच. आमच्याकडे बसवले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता. दोन पावसाळ्यांत अंगण खालीवर झालं, कडेचे ब्लॉक सुटले आणि दुसरीतली एक मुलगी ठेचकाळून पडली, हनुवटीला टाके पडले. लगेच पालक सभेत सूर निघाला, "ब्लॉक म्हणजे बोगस काम. काढा आणि सरसकट कोबा करा."

मला हे पटत नाही. दोष ब्लॉकचा नाही.

हाँगकाँगचं चेक लॅप कॉक विमानतळ बघा. 1998 साली सुरू झालेलं हे विमानतळ बरंचसं समुद्रात भराव टाकून बनवलेलं आहे. विमानं जिथे उभी राहतात त्या भागात सुमारे 5 लाख चौरस मीटरवर असेच काँक्रीटचे ब्लॉक बसवले. पूर्ण भरलेलं जंबो जेट जवळपास 400 टनांचं, आणि त्याला चाकं 18. मुलांना हा भागाकार नक्की करायला द्या!

मग तिथे ब्लॉकच का? भरावाची जमीन हळूहळू खचते. अखंड काँक्रीटला अशा वेळी तडे जातात. डांबरावर विमानाचं इंधन सांडलं की डांबर मऊ पडतं. ब्लॉक मात्र जमिनीबरोबर थोडे वाकतात, आणि फारच खड्डा पडला तर तेवढेच उचलून, खालचं सारखं करून तेच पुन्हा बसवता येतात. (वेगाने धावायच्या मुख्य धावपट्टीवर ते सहसा नसतात. जेटच्या झोताने सांध्यांतली वाळू उडू नये म्हणून ती चिकट द्रवाने पक्की करतात.)

खरी गंमत त्या वाळूतच आहे. दोन ब्लॉकमधली फट जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर. त्यात बारीक वाळू ठासून भरली की एका ब्लॉकवरचा भार घर्षणामुळे शेजारच्यांवर वाटला जातो. साखळीच्या खेळात एकाला ओढलं की सगळे ताणले जातात ना, तसंच. वळणाऱ्या चाकाने ब्लॉक सरकू नयेत म्हणून त्यांची रचना माशाच्या काट्यासारखी तिरकी करतात. आणि चारी बाजूंना भक्कम कड हवीच. कड सुटली की साखळी सुटली.

या सगळ्याच्या खाली खडीचा नीट दाबलेला थर असतो. विमान खरं तर त्या थरावर उभं असतं. आपण मात्र वरचा रंग बघून सही करतो.

शाळा व्यवस्थापन समितीत आपणच असतो, म्हणून पालकांनो, तुम्हालाही सांगते. काम चालू असताना जाऊन विचारा, मुरूम किती टाकला? रोलर किती वेळा फिरवला? पाणी कुठे जाणार? काळ्या मातीत तर हे विचारलंच पाहिजे, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. कोबा केला तरी खालची माती तीच राहणार, फक्त तेव्हा तडे जातील. शिवाय आमच्या नळाची पाइप अंगणाखालूनच जाते. ती फुटली की कोबा फोडायचा का?

चौथीच्या वर्गाला मी अंगणातच बसवलं. 20 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा ब्लॉक, तर एक चौरस मीटरला किती? उत्तर 50 आलं. एकाने विचारलं, "मॅडम, मग विमानतळाला किती लागले?" याच मापाचा ब्लॉक धरून फळ्यावर अडीच कोटी लिहिले, तेव्हा वर्ग चिडीचूप!

मागच्या शनिवारी समितीसमोर सुटलेले चार ब्लॉक उचलून पाहिले. खाली बोटभर कच आणि त्याखाली थेट काळी माती. मुरूम नव्हताच. कोब्याचा ठराव तूर्त बाजूला ठेवलाय. दिवाळीच्या सुट्टीत तेच ब्लॉक काढून, खाली मुरूम-खडी दाबून पुन्हा बसवायचे ठरलं आहे, आणि रोलर फिरताना दोन पालक तिथे उभे राहणार आहेत.