वीट कोणी रचायची?

२००६च्या ऑक्टोबरअखेरीस मावळात, मळवली स्टेशनाजवळच्या पाटण गावी, आठवडाभरात शंभर घरे उभी राहिली. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती संस्थेचा तो उपक्रम होता. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक त्यासाठी आले होते आणि त्यांच्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः हातात अवजारे घेऊन उभे होते. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. हॅबिटॅटची मूळ कल्पना चांगली आहे. १९७६ साली मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने ती जॉर्जिया राज्यात रुजवली. घर फुकट द्यायचे नाही, ते बिनव्याजी कर्जावर द्यायचे, आणि ज्याचे घर त्यानेही अंगमेहनत घालायची. आज अमेरिकेतल्या असंख्य ख्रिस्ती मंडळ्या दरवर्षी असे गट काढतात. कुणी ग्वाटेमालाला जातात, कुणी केनियाला, कुणी आपल्याकडे येतात, आणि आठ-दहा दिवस गरिबाच्या घरासाठी विटा वाहतात. यामागची तळमळ खरी आहे. स्वतःची रजा आणि स्वतःचे पैसे खर्चून उन्हात घमेले उचलायला येणाऱ्या माणसाच्या हेतूवर शंका घेणे मला अयोग्य वाटते. तरीही एक प्रश्न उरतो आणि तो हेतूइतकाच महत्त्वाचा आहे. ते घमेले उचलायला गावात कुणी नव्हते का?

संभाजीनगरात सकाळी सातच्या सुमारास मजूर अड्ड्यांवर पाहिले तर उत्तर समोर उभे असते. पिशवीत डबा, थापी आणि ओळंबा घेऊन गवंडी उभे असतात, बाजूला बिगारी, त्यांच्यात बायकाही. जालना, बीड, परभणीकडच्या कोरडवाहू गावांतून आलेली ही माणसे नऊ-साडेनऊपर्यंत हाक आली नाही तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडतात. घर बांधण्याचे कसब मराठवाड्यात मुबलक आहे आणि हातही मुबलक आहेत. कमी पडतो तो पैसा, जमीन, सातबारावरचे नाव आणि कर्ज देणारी बँक. म्हणून मला एवढेच म्हणायचे आहे: जिथे गावचे हात कामाची वाट पाहत उभे आहेत, तिथे पाहुण्याने वीट रचू नये. जिथे गावचे हातच मागे सरतात, तिथे मात्र त्याने यावे आणि जरूर यावे.

याचा हिशेब एका ख्रिस्ती अभ्यासकानेच मांडला आहे. कर्ट व्हेर बीक हे अमेरिकेतल्या कॅल्विन या ख्रिस्ती शिक्षणसंस्थेचे समाजशास्त्रज्ञ, आणि त्यांचे वास्तव्य होंडुरासमध्ये. १९९८च्या मिच वादळाने त्या देशातली घरे वाहून नेल्यावर काही घरे उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांनी बांधली, काही स्थानिक लोकांनी. व्हेर बीक यांनी दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना विचारले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घर कोणी बांधले यामुळे कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात सांगण्यासारखा फरक पडला नव्हता. खर्चातला फरक मात्र डोळे दिपवणारा होता. स्थानिक संस्थेला एक घर साधारण दोन हजार डॉलरमध्ये पडत होते, आणि ते बांधायला येणाऱ्या एका गटाचा प्रवासासह खर्च तीस हजार डॉलरच्या घरात जात होता. आपल्याकडे हेच गणित करून पाहावे. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घरकुलासाठी २०१६ साली एक लाख वीस हजार रुपये ठरले. अमेरिकेतून मुंबईला येऊन परत जाणाऱ्या एकाच माणसाचे विमानाचे तिकीट आज लाखाच्या आसपास जाते. पंधरा जणांचा गट आला की डझनभर घरकुलांचे अनुदान आकाशातच खर्च होते. शिवाय त्या योजनेत घरमालकाच्या स्वतःच्या मेहनतीची सुमारे नव्वद दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळते. ज्या कामाचे दाम गावच्या माणसाच्या पदरात पडायचे, ते काम पाहुणा फुकट करून गेला तर हे दान नेमके कुणाच्या खिशातून झाले, हे विचारायलाच हवे.

पण हा केवळ पैशाचा हिशेब नाही. बाहेरच्याने बांधलेल्या घराचे काय होते, हे मराठवाड्याइतके थोड्यांनी पाहिले असेल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारे लांब दगडच नसल्याने भिंती फुगून कोसळल्या. अनेक घरांत लाकडी खणांचा सांगाडा मात्र तसाच उभा राहिला. म्हणजे जुन्या बांधणीत मारणारी गोष्ट होती, तशी तारणारीही होती. मदत अफाट आली, देशातून आली, परदेशातून आली, आणि ती आली म्हणून लोक तगले. ही कृतज्ञता आधी नोंदवायला हवी. मात्र ५२ गावे पूर्णपणे हलवून नव्या जागी वसवताना बहुतेक निर्णय गावाबाहेर झाले. जमीनधारणेनुसार अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे ठरली, आणि अनेक गावे देणगीदार संस्थांनी बांधून दिली. रेघ मारल्यासारखे सरळ रस्ते आले आणि जुनी आळी विस्कटली. नव्या नकाशात जनावरांचा गोठा, धान्याचे बळद, बायकांना बसायला ओसरी यांची आठवण फारशी कुणाला राहिली नव्हती. पुढे लोकांनीच पत्रे, जुने दगड, लाकूड आणून त्या घरांना आपल्याजोगे वळण दिले.

त्याच भूकंपानंतर दुसरेही एक काम झाले, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. तेरा जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करून घेतले. शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून अनुदान आणि साहित्य हप्त्याहप्त्याने दिले, अभियंत्यांनी पद्धत शिकवली, गवंडी मालकाने नेमला आणि बायकांनी कामावर नजर ठेवली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केले. अनुदान कुठे अडले, भिंतीत लांब दगड बसले की नाही, काँक्रीटचा पट्टा ओतला की नाही, हे त्या विचारू लागल्या. २००१ साली कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. मला विचाराल तर गृहनिर्माणातली खरी स्वयंसेवा ती होती. त्यांच्याकडे द्यायला देणगी नव्हती. ढिगाऱ्यातून घर पुन्हा कसे उभे करायचे, पुढाऱ्याला आणि ठेकेदाराला काय विचारायचे, हा अनुभव होता, आणि तो कच्छमध्ये विकत मिळणारा नव्हता.

'पाहुण्याने वीट रचू नये' या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप मला स्वतःलाच सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या समाजात अंगमेहनत हलकी मानली जाते. जातीने ती काही माणसांच्या माथी मारली आणि उरलेल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. अशा ठिकाणी महासत्तेचा माजी अध्यक्ष भिंतीला हात लावतो, हे दृश्य लहान नाही. याहून मोठे उदाहरण विदर्भातले आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी श्रमदानातून देशांना जोडणारी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही चळवळ सुरू केली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः गावे उभारायला तिथे आले होते. १९५०च्या दशकात याच चळवळीचे स्वयंसेवक वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले, कुष्ठरुग्णांबरोबर राहिले, जेवले आणि बांधकामाला लागले. तोवर आनंदवनापासून अंतर राखणारे आजूबाजूचे लोक ते पाहून हळूहळू जवळ येऊ लागले. इथे गावात गवंडी नव्हता असे नाही, पण त्याच्यासह सारे गाव मागे सरले होते. त्या भीतीवर देणगीचा चेक चालला नसता. म्हणून आनंदवनातले ते हात अनमोल ठरले, आणि म्हणूनच ते उदाहरण पुढे करून मळवलीच्या आठवड्याचे समर्थन होत नाही. पाटणच्या कुटुंबांना कुणी वाळीत टाकले नव्हते. त्यांना भांडवल हवे होते.

दुसरा आक्षेप असा की येणारा माणूस बदलतो, परत जाऊन जगाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, अधिक देतो. व्हेर बीक यांना परतलेल्या स्वयंसेवकांच्या देणग्यांत फारसा टिकाऊ बदल आढळला नाही. तरी माणूस बदलतो हे मी मान्य करते. फक्त तो आठवड्यात बदलत नाही. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक दलातून मुंबईच्या विक्रोळीत आल्या आणि जवळपास दोन वर्षे तिथल्या दवाखान्यात राबल्या. लॉरी बेकर १९४५ साली कुष्ठरोग मिशनसाठी वास्तुविशारद म्हणून इंग्लंडहून आले. आपले इंग्रजी शिक्षण इथल्या मातीपुढे, दगडापुढे अपुरे आहे हे त्यांना लवकर उमगले, मग ते गावच्या कारागिरांकडून शिकले, इथलेच झाले आणि १९८९ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. स्वस्त आणि देखणे घर कसे बांधावे हे बेकर यांनी केरळात दाखवले ते शिकणाऱ्याची जागा स्वीकारल्यावर. ज्याच्याकडे शिकण्याइतका वेळ आहे त्याला कोणी अडवू नये.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. 'माणसे नको, पैसे पाठवा' म्हणणे सोपे, पण परकीय देणगीचा कायदा २०१० साली नव्याने आला आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो फार कडक झाला. पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावे लागतात, एका संस्थेला ते दुसरीकडे वळते करता येत नाहीत, प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. छोट्या संस्थांचे यात हाल होतात, हे खरेच आहे. पण वाट अरुंद झाली म्हणून उलट्या दिशेने चालण्यात काय साधणार? नोंदणी असलेल्या संस्था आजही हे काम करतात, आणि त्यांना विमानभर पाहुण्यांची सरबराई करण्यापेक्षा दोन वर्षे एका अभियंत्याचा पगार मिळाला तर तो अभियंता गवंड्यांना भूकंपरोधक बांधणी शिकवू शकेल.

परदेशी ख्रिस्ती गटांवर घेतल्या जाणाऱ्या धर्मांतराच्या संशयाबद्दल मी थोडक्यात सांगते. जी कसोटी चर्चच्या गटाला, तीच मठाला, मशिदीच्या समितीला, गुरुद्वाराच्या लंगरला. मदतीला अट जोडली असेल तर ती वाईट, मग जोडणारा कोणीही असो. आणि बाहेरचा पैसा व आतला कारभारी ही जोडी ख्रिस्ती कामात अगदी शेजारी, जालन्यात, दीडशे वर्षांपूर्वी होती. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. परदेशातल्या मंडळ्यांपुढे आपल्या लोकांची बाजू मांडायला ते स्वतः गेले, १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेतही गेले. त्यांच्या धर्मविचाराशी कोणी सहमत असो वा नसो, प्रवास कोणी कोणत्या दिशेने करायचा हे त्यांना कळले होते.

आपल्या शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या मंडळ्यांना, संस्थांना परदेशातून पत्रे येतात, 'आम्ही वीस जण घर बांधायला येऊ इच्छितो' अशी. यजमानाला नकार द्यायला संकोच वाटतो, कारण पाहुण्यांबरोबर देणगीही येणार असते. त्या पत्राला उत्तर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. वीस जणांऐवजी दोघांना बोलवा, आणि ते सहा महिने राहणार असतील तरच. उरलेल्या अठरा तिकिटांचे पैसे गावच्या गवंड्याच्या मजुरीला, मालकाच्या नावावर जागा करून घ्यायला आणि त्या घराच्या पायाला मागा. घराचा नकाशा त्या घरात राहणाऱ्या बाईला आधी दाखवा. आणि शेजारची आळी ज्या घराला शिवत नाही असे एखादे घर तुमच्या गावात असेल, तर त्याचा पत्ता पत्रात पहिल्या ओळीत लिहा.