विंडोज १० नंतर काय? महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनला खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, पुणे



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणून बहुतेक घरांत या तारखेची दखलही घेतली गेली नाही. पडद्यावर अधूनमधून एक सूचना उमटते, ती बाजूला सारली जाते आणि विजेचे बिल भरणे, मुलीचा प्रवेश अर्ज भरणे, नातवाचे फोटो पाहणे हे सगळे चालू राहते. फरक एवढाच, की विंडोज १०मध्ये यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेतल्या फटी नेहमीच्या अपडेटमधून बुजवल्या जाणार नाहीत. तेव्हा घरातल्या जुन्या लॅपटॉपचे करायचे काय? नवा घ्यायचा, आहे तसाच रेटायचा, की विंडोज काढून त्यावर लिनक्ससारखी दुसरी प्रणाली टाकायची?

हा प्रश्न आपल्याकडे आणण्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांना माउस कसा धरायचा हे आपल्या संस्थेने शिकवले. २००१ साली संस्था स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी या तिच्या संगणक अभ्यासक्रमाचे नाव तालुक्यातालुक्यात पोचले. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून आलेली मुले, बढतीसाठी आलेले लिपिक, मुलगा परदेशी गेला म्हणून व्हिडिओ कॉल शिकायला आलेल्या गृहिणी, सगळे आपल्या केंद्रांतून गेले. तिथे ते शिकले ते मुख्यतः विंडोज आणि वर्ड-एक्सेल. त्या माणसांना आज सल्ला हवा आहे, आणि तो मागायला ते दुकानात जातात. दुकानात दोनच उत्तरे मिळतात: नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर शे-पाचशे रुपयांत ‘क्रॅक’ मारलेले विंडोज ११ टाकून देतो. पहिले अनेकांना परवडत नाही आणि दुसरे सरळसरळ धोक्याचे आहे.

अडचण मुळात विंडोज ११च्या अटींमुळे उभी राहिली आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली ही प्रणाली ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप मागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७मध्ये. म्हणजे त्याआधी घेतलेला लॅपटॉप, मग तो आय-फाइव्ह असो, आठ जीबी रॅमचा असो, कितीही नीट चालत असो, अधिकृतपणे बाद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप विद्यार्थी मोठ्या आशेने विकत घेतात. त्यांतली सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे या अटीत अडकतात. धडधाकट यंत्र भंगारात जाते आणि त्याची किंमत कष्टाने पैसे जमवणारे घर मोजते. हे बरोबर नाही.

मायक्रोसॉफ्टने वर्षभराची सवड दिली, हे सांगितले पाहिजे. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यासाठी संगणकावर २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते असावे लागते. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवल्या तर पैसे पडत नाहीत, नाहीतर एकदाच ३० डॉलर भरायचे. ही सोय किती जणांना ठाऊक आहे? विंडोज अपडेटच्या पानावरची ती एक ओळ मराठीत समजावून सांगणारे कोणी भेटले असते, तर कितीतरी घरांना विचार करायला निवांत वेळ मिळाला असता.

‘अँटीव्हायरस आहे की!’ हे उत्तर सर्रास ऐकू येते, पण ते पुरेसे नाही. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार उडवला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. देखभाल संपलेल्या प्रणालीत घ्यायला अशी दुरुस्तीच उरत नाही. घराचा पहारेकरी कितीही जागा असला तरी मागच्या भिंतीला पडलेले खिंडार त्याला बुजवता येत नाही.

मग विंडोज सोडावे का?

ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्ये होते, त्यांनी जरूर सोडावे. सातबारा पाहणे, ‘आपले सरकार’वर दाखला मागणे, रेल्वेचे तिकीट, बँकेचे संकेतस्थळ, पगारदाराचे साधे आयकर विवरणपत्र, यूट्यूब, जीमेल. यांतल्या कशालाही खाली विंडोज आहे की लिनक्स याने काही अडत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे सारखेच चालतात. झूम लिनक्ससाठी मिळते. व्हॉट्सअ‍ॅपचे वेगळे अ‍ॅप लिनक्सला नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप वेब ब्राउझरमध्ये उघडते. अशा माणसाला ‘लिनक्स मिंट’ दिले तर खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, मधल्या पट्टीवर उघडलेल्या खिडक्या, सगळे ओळखीचे दिसते. मिंटच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. चार जीबी रॅमवर ती बरी चालते. पैसे काहीच पडत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लिनक्सचे चाहते ती हमखास विसरतात. जुना लॅपटॉप रखडतो तो बऱ्याचदा विंडोजमुळे नव्हे, तर आतल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र पळू लागते. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ आहे. प्रणाली बदलून वेगाची जादू होईल असे कोणाला सांगू नये. प्रणाली बदलायची ती सुरक्षेसाठी. वेगासाठी आधी डिस्क बदलावी.

आता ज्यांनी हलू नये, त्यांच्याविषयी. टॅली विंडोजसाठीच बनते, तेव्हा ज्या घरात दुकानाचे हिशेब टॅलीत आहेत तिथे हा विषय संपला. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉपवर बसलेले आहेत. ही सॉफ्टवेअरे लिनक्ससाठी निघत नाहीत, आणि पर्याय आहेत म्हणून वीस वर्षांचा हात एका महिन्यात बदलत नाही. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या ठेकेदारांनाही सबुरीचा सल्ला द्यावा, कारण त्या टोकनच्या सूचना बहुतेक वेळा विंडोज गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने इन्स्टिट्यूटमध्ये जे आहे तेच घरी ठेवावे.

मराठी माणसाची खास अडचण मात्र वेगळीच आहे. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींचा लॅपटॉप उघडून पाहावा. पंधरा वर्षांची इतिवृत्ते, वार्षिक सभेच्या नोटिसा, थकबाकीदारांना धाडलेली पत्रे, सगळे वर्डमध्ये आणि बरेचसे जुन्या श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत. त्या फायलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत. आत आहेत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच नोटीस उघडली की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा समोर येतो आणि सेक्रेटरींना वाटते, फाइल खराब झाली. ती झालेली नसते. तिला युनिकोडमध्ये आणले की ती पुढे कुठेही उघडेल. पण हे रूपांतर प्रणाली बदलण्याच्या आधी करायचे असते आणि नंतर डोळ्यांखालून घालायचे असते, कारण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत हमखास चुका राहतात.

युनिकोडात लिहिणाऱ्यांचा मार्ग सोपा आहे. इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक दोन्हीकडे तोच, बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. उच्चारानुसार रोमनमधून टाइप करणाऱ्यांना आयबस नावाच्या सोयीतून मराठीची पद्धत जोडून घ्यावी लागते. ते काम दहा मिनिटांचे, पण पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवे. मंगल आणि निर्मला हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट लिनक्ससोबत येत नाहीत. रेड हॅटने मुक्त परवान्याने दिलेले लोहित किंवा गूगलचे नोटो वापरले की मजकूर शाबूत राहतो, पण ओळी सरकतात आणि दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर जाते. अर्ज करणाऱ्याला हे आधी सांगितलेले बरे.

आणि प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे जागोजागी दिसतो. तो कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो, त्यामुळे तिचा खास ड्रायव्हर नसेल तर कागद बाहेरच येत नाही. लिनक्ससाठी तो ड्रायव्हर आहे, पण जुना आहे, आणि बसवताना टर्मिनलमध्ये कमांड द्याव्या लागतात. घरच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांचे तसे नाही; त्यांच्यासाठी लिनक्समध्ये तयार संच असतो. म्हणजे बदलावे की नाही, याचा निर्णय कित्येक घरांत एका प्रिंटरच्या मॉडेलवर येऊन ठेपतो. हे मॉडेल विचारणारा माणूस जवळ असणे म्हणूनच मोलाचे आहे.

बाहेरचे अनुभव दोन्ही बाजूंचे आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण होते, तसेच इतर कचेऱ्यांकडून येणाऱ्या कागदपत्रांशी जुळवून घेण्याच्या तक्रारीही होत्या. याउलट फ्रान्सच्या जाँदार्मरी पोलीस दलाने २००८पासून उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली आणली आणि ती टिकवली. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांचे संगणक विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधून बाहेर काढण्याचे जाहीर केले.

पण आपल्याला धडा घ्यायचा तर तो केरळकडून. तिथल्या शाळांचा आयटी अ‍ॅट स्कूल उपक्रमही २००१चाच, आपल्या संस्थेच्याच वयाचा. २०१७पासून ‘काइट’ ही सरकारी कंपनी तो सांभाळते. तिथली मुले शाळेत लिनक्सवर शिकतात, दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवर देतात आणि शाळांसाठी मल्याळमसह तयार केलेली प्रणाली घरच्या संगणकावर विनामूल्य टाकू शकतात. केरळने आधी शिक्षक तयार केले, मग मुलांपुढे यंत्रे ठेवली. म्हणून तिथे लिनक्सची भीती रुजली नाही. आपल्याकडे सी-डॅकने २००७मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली काढली. ती घराघरांत पोचली नाही, कारण अडल्यावर शेजारी बसून दाखवणारा माणूस तिच्यासोबत आला नाही. तो माणूस आपल्या केंद्रांत रोज सकाळी सातच्या बॅचला उभा असतो.

म्हणून आपल्याकडे मागणे हे: एमएस-सीआयटीतून विंडोज काढा असे कोणी म्हणत नाही. नोकरीच्या ठिकाणी तेच आहे, ते शिकवलेच पाहिजे. पण त्याच अभ्यासक्रमात दोन-तीन तास दुसऱ्या प्रणालीवर काढू द्या. फाइल जतन करणे म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे जो दोन ठिकाणी करून पाहतो, तो बटणाची जागा हलली म्हणून घाबरत नाही.

त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे केंद्रात आठवड्यातून एक दिवस तपासणीचा ठेवावा. माणसाने आपला लॅपटॉप आणि प्रिंटरचे नाव घेऊन यावे. केंद्रातल्या शिक्षकाने प्रोसेसरची पिढी पाहावी, टीपीएम आहे का ते पाहावे. कित्येकदा ती चिप असते, फक्त बायॉसमध्ये बंद ठेवलेली असते, आणि प्रोसेसर अटीत बसत असेल तर ती चालू केली की अधिकृत विंडोज ११ची वाट मोकळी होते. नसेल तर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर भरून ठेवलेले मिंट लावावे, यंत्र चालू होताना एफ-१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबावी, आणि डिस्कवर काहीही न बसवता तासभर त्या माणसालाच वापरू द्यावे. वाय-फाय पकडते का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का, मराठीत नाव टाइप होते का, हे त्याच खुर्चीत कळते. पटले नाही तर पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले की आधीचे विंडोज जसेच्या तसे समोर येते. पटले तर आधी फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. या कामाला फी ठेवावी, शिक्षकाच्या वेळेला मोल आहे. ती दुकानातल्या ‘क्रॅक’पेक्षा जास्त नसली म्हणजे झाले.

सुरुवात पुण्या-मुंबईपासून करू नये. तिथे विचारायला कोणी ना कोणी सापडते. गडहिंग्लज, किनवट, अक्कलकुवा, सावंतवाडी अशा तालुक्यांच्या केंद्रचालकांना आधी बोलवावे, त्यांच्याच सेंटरमधल्या सगळ्यांत जुन्या यंत्रावर आठवडाभर मिंट चालवायला सांगावे आणि काय चालले, काय अडले ते मॉडेलच्या नावासह लिहून घ्यावे. ती यादी मराठीत आणि सर्वांना खुली असावी, म्हणजे पुढच्या केंद्राला त्याच प्रिंटरशी पुन्हा पहिल्यापासून झगडावे लागणार नाही.

कळावे.