एक निषिद्ध मत आणि कॅथलिक दांपत्य

इ. स. १६७९ च्या मार्च महिन्याच्या २ तारखेस, अकरावे इनोसंट हे पोप असतां, होली ऑफिस नांवाच्या रोमच्या धर्मन्यायासनानें पासष्ट मतें निषिद्ध ठरविलीं. त्यांतील नववें मत असें कीं, केवळ सुखाकरितां केलेला पतिपत्नींचा समागम सर्व दोषांपासून, अगदीं क्षुल्लक पापापासूनही, सर्वस्वीं मुक्त असतो. ह्या निषेधास साडेतीनशें वर्षें होत आलीं. तरी जुन्या परंपरेचे कांहीं कडवे अभिमानी तोच पुढें करून आजच्या संसारी स्त्रीपुरुषांस बजावीत असतात कीं, अपत्याचा हेतु मनांत नसतां तुम्ही एकत्र आलां, तर तुम्हांस पाप लागलें. वसईचीं व गोव्याचीं कॅथलिक कुटुंबेंही ह्याच रोमच्या धर्मशासनाखालीं विवाहबद्ध होतात. तेव्हां हा वाद परक्या घरचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. आमच्या मतें ह्या मंडळींनीं लाविलेला अर्थ त्या निषेधांत नाहींच, आणि जो अर्थ त्यांत नाहीं तो कोणास बंधनकारक कसा व्हावा?

मूळ मताचे शब्द नीट पाहावे. ‘सर्व आंबे गोड असतात’ हें विधान खोटें ठरलें, तर कांहीं आंबे आंबट निघतात एवढेंच सिद्ध होतें. सर्व आंबे आंबट असतात असें होत नाहीं. तर्कशास्त्राचा हा अगदीं पहिला पाठ होय. तद्वत् ‘असा समागम नेहमींच सर्वस्वीं निर्दोष असतो’ हें मत नाकारल्यानें तो नेहमींच सदोष असतो असें कोणीं म्हटलें नाहीं. शिवाय ‘केवळ’ हा शब्द आहे. ज्या पुरुषास आपल्या स्त्रीविषयीं ममता आहे, दिवसभराच्या कष्टानंतर जो तिच्या जवळिकेंत विसांवा शोधतो, तो ‘केवळ’ सुखासाठीं आला असें म्हणणारा मनुष्य बहुधा संसारांत पडलेला नसावा.

हे कडवे लोक नवव्या मतावर इतके तुटून पडतात. पण त्याच्याच शेजारीं असलेल्या आठव्या मताची आठवण त्यांस होत नाहीं. प्रकृतीस अपाय होत नसेल तर केवळ जिभेच्या सुखाकरितां पोट भरेपर्यंत खाणेंपिणें हें पाप नव्हे, असें तें आठवें मत. तेंही त्याच दिवशीं, त्याच शब्दांनीं निषिद्ध झालें. परंतु त्याचा आधार घेऊन कोणी नाताळच्या पंगतींत शिरला, आणि केकचा दुसरा तुकडा उचलणाऱ्या धर्मगुरूस त्यानें पापाची कबुली देण्यास धाडलें, असें आमच्या ऐकिवांत नाहीं. जेवणाच्या टेबलाशीं जी सवलत आपोआप मिळते ती शयनगृहाच्या दाराशीं कां नाकारली जावी? त्या यादींत चोरी, दुटप्पी शपथ, गर्भपात अशा नाना विषयांवरील मतें होतीं, आणि सगळ्यांवर मिळून शेरा एकच होता: ‘निदान लोकांस बिघडविणारीं व आचरणांत घातक.’ पाखंड हा शब्द त्या शेऱ्यांत नाहीं. पापाला पळवाटा काढून देणाऱ्या पंडितांस लगाम घालणें हा त्याचा हेतु होता.

संत ऑगस्टिनपासून चालत आलेली विचारसरणी ह्याहून कडक होती, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. अपत्यहेतूवांचूनचा समागम तिनें क्षम्य असें लहान पाप मानिला. (आमचे मनु इतरत्र स्त्रियांविषयीं पुष्कळ कठोर असले तरी ऋतुकालाव्यतिरिक्त केवळ रतीच्या इच्छेनेंही स्वपत्नीकडे जाण्याची मुभा देतात, हें येथें सहज आठवतें.) पण रोम ऑगस्टिनपाशींच थांबलें नाहीं. निसर्गतः अपत्य होणें शक्य नसतांही दांपत्यसंबंध धर्म्यच राहतो, असें १९३० सालीं अकराव्या पायसनें लिहिलें. पुढें २९ ऑक्टोबर १९५१ रोजीं इटलींतील सुइणींपुढें बोलतांना बाराव्या पायसनें सांगितलें कीं, हें सुख ईश्वरानेंच योजिलेलें असून पतिपत्नी मर्यादा राखून तें शोधतात त्यांत कांहीं वाईट करीत नाहींत. आणि १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथानें तेच उद्गार उद्धृत केले. बाराव्या पायसला १६७९ चा निषेध ठाऊक नव्हता, असें त्याचे आजचे भक्त म्हणणार काय?

संततिनियमनाच्या साधनांवरील बंदी १९६८ च्या सहाव्या पॉलच्या पत्रानें कायम आहे; पण तो प्रश्न निराळा, आणि ह्या वादांत तो मिसळणें म्हणजे उगाच घोळ घालणें होय.

आमची खरी तक्रार रोमविषयींच आहे. १९१७ च्या धर्मविधींत अपत्योत्पादन हा विवाहाचा प्रधान हेतु व बाकीचे गौण असें स्पष्ट लिहिलें होतें; १९४४ सालीं तोच क्रम न मानणाऱ्या लेखकांस होली ऑफिसनें झिडकारिलें; आणि १९८३ च्या धर्मविधींत पतिपत्नींचें कल्याण व अपत्य हे दोन्ही हेतु शेजारीं शेजारीं आले, प्रधान-गौण हे शब्द गळाले. एवढा फरक झाला, पण ‘आम्ही बदललों’ असें उघडपणें कोणी म्हणेना! मग ज्यास वाटेल त्यानें जुनें पान काढावें आणि एखाद्या भाविक स्त्रीस भिववावें. निर्ढावलेल्या मनुष्यास ह्या निषेधाची भीति कधींच नव्हती. मूल न झालेली, किंवा वय उलटून गेलेली, नवऱ्यावर प्रेम करणारी पत्नीच तेवढी रात्रीच्या प्रार्थनेंत स्वतःस दोष देत बसते.

जुने निषेध जाहीरपणें दूर करणें रोमला अशक्य आहे असेंही नाहीं. विवाहप्रेमाचा गौरव करणारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ठराव ७ डिसेंबर १९६५ रोजीं प्रसिद्ध झाला. त्याच दिवशीं सहावे पॉल व कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष अथेनागोरस ह्यांनीं १०५४ सालचे परस्परांवरील बहिष्कार स्मरणांतून पुसून टाकीत असल्याचें जाहीर केलें. नऊशें वर्षांचें तें भांडण धर्माध्यक्षांचें होतें, म्हणून त्यास मुहूर्त लाभला. नवव्या मताच्या निषेधाचा खरा अर्थ सांगण्यास तर चार ओळींचें एक पत्रक पुरेल.